नांव सोनूबाई!

वस्तूचें नांव ऐकून तिच्या गुणांचा निर्णय करूं नये, हें आपल्या वाडवडिलांस चांगलें ठाऊक होतें. म्हणूनच "नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा" ही म्हण आपल्या भाषेंत रूढ झाली. ही म्हण हल्लीं कॉम्प्युटरच्या दुकानांत जितकी लागू पडते तितकी अन्यत्र क्वचितच पडत असेल. या महिन्यांत आम्ही ज्या वस्तूविषयीं लिहिणार आहों, ती म्हणजे ग्राफिक्स कार्ड. आणि तेंही सामान्य गृहस्थास परवडेल असें, कमी किमतीचें. विषय ऐकून आमच्या वयाचे कांहीं वाचक कपाळाला आंठ्या घालतील, हें आम्ही जाणून आहों. "हा पोरांच्या खेळाचा विषय, प्रौढ माणसांनीं त्यांत कां पडावें?" असें ते विचारतील. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, खेळ पोरांचा असला तरी पैसा घराचा असतो. पंधरा-वीस हजार रुपयांची वस्तु घरांत येत असतां वडील माणसांनीं "आम्हांला त्यांतलें कांहीं कळत नाहीं" असें म्हणून स्वस्थ बसणें गृहस्थधर्मास शोभत नाहीं. शिवाय ही वस्तु कळण्यास फार कठीण आहे असेंही नाहीं. ज्यास गुणाकार-भागाकार येतो त्यास तिची परीक्षा करतां येते, असें आमचें मत आहे, आणि तेंच येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम हें कार्ड करतें काय, तें पाहूं. कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळीच होय. आपल्या घरांतून सामान्यतः जो पडदा आढळतो, त्यांत आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात; गुणाकार केला असतां ते २०,७३,६०० होतात. खेळांतील चित्र हलतें दिसावें म्हणून ही सबंध रांगोळी पुसून पुन्हां काढावी लागते, आणि तीही सेकंदांत एकदां नव्हे, तर साठ वेळां. म्हणजे दर सेकंदास बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. या प्रत्येक रांगोळीस 'फ्रेम' असें म्हणतात.

कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर बुद्धीनें तीक्ष्ण खरा, परंतु त्याचे हात थोडे. लग्नघरांत पाकशास्त्रनिपुण असा एकच आचारी पांचशें पानें वाढूं लागला, तर शेवटच्या पानापर्यंत पोंचेतों पहिल्या पानावरचा भात निवून जाईल. तेथें निपुणतेपेक्षां वाढप्यांची संख्या महत्त्वाची. ग्राफिक्स कार्डावर अशा वाढप्यांची, म्हणजे लहान लहान गणकांची, मोठी पलटण असते. त्यांचें सामान ज्या ठिकाणीं सांठविलेलें असतें, ती कार्डाची मेमरी. तिला आपण कोठी म्हणूं. आणि कोठींतून पंगतीकडे जाणारें जें दार, त्यास त्या शास्त्रांत मेमरी बस म्हणतात. वाढपी किती, कोठी केवढी, दार किती रुंद आणि त्या दारांतून माल किती वेगानें बाहेर पडतो, या चार गोष्टी कळल्या कीं कार्डाची बहुतेक परीक्षा झाली.

आतां खरी अडचण पुढेंच आहे. या चार गोष्टी खोक्याच्या पुढल्या बाजूस मोठ्या अक्षरांत नसतात. तेथें असतें तें नांव. संस्कृतांत नानार्थ शब्द पुष्कळ आहेत. एकट्या 'हरि' या शब्दाचे विष्णु, इंद्र, सूर्य, चंद्र, सिंह, घोडा, पोपट, साप, वानर, बेडूक असे कितीतरी अर्थ अमरकोशांत सांगितले आहेत. तथापि वाक्याचा संदर्भ पाहून कोणता अर्थ घ्यावयाचा तें विद्यार्थ्यास कळतें. रथास हरि जोडले म्हटल्यावर तो बेडूक जोडीत नाहीं. दुकानांतील खोक्यास मात्र संदर्भ नसतो. तेथें एकाच नांवाखालीं घोडा आणि बेडूक शेजारीं शेजारीं मांडलेले असतात.

ही अतिशयोक्ति नव्हे. एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीनें २०१७ सालच्या मे महिन्यांत 'जीटी १०३०' नांवाचें अगदीं कमी किमतीचें कार्ड बाजारांत आणलें. त्यांत गणक ३८४, मेमरी २ जीबी, आणि ती जीडीडीआर-५ या जातीची होती; तिच्यांतून दर सेकंदास ४८ जीबी मालाची वाहतूक होत असे. पुढें २०१८ सालीं त्याच नांवाचें दुसरें कार्ड निघालें. गणक तेवढेच, मेमरीही २ जीबीच. परंतु तिची जात डीडीआर-४, आणि वाहतूक दर सेकंदास अवघी १६.८ जीबी. परीक्षकांनीं दोन्ही कार्डांवर तेच खेळ चालवून पाहिले, तेव्हां कित्येक खेळांत दुसऱ्या कार्डाचा वेग पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास घसरलेला आढळला. वाढपी तितकेच, पण कोठीचें दार एकाएकीं खिडकीएवढें झालें, मग दुसरें काय होणार? नांव मात्र जीटी १०३० तें जीटी १०३०च राहिलें.

हा प्रकार एकाच कार्डापुरता किंवा एकाच कंपनीपुरता नाहीं. एएमडी या दुसऱ्या कंपनीचें 'आरएक्स ५६०' हें कार्ड २०१७ सालीं १,०२४ गणकांसह आलें. त्याच सालच्या अखेरीस ८९६ गणकांचें कार्डही त्याच नांवानें विकलें जात असल्याचें लोकांच्या लक्षांत आलें. एन्व्हिडियाच्या 'जीटीएक्स १०६०' या २०१६ सालच्या लोकप्रिय कार्डाचे दोन प्रकार होते, एक ६ जीबी मेमरीचा व दुसरा ३ जीबीचा. फरक केवळ मेमरीचा असावा असें कोणासही वाटेल. परंतु पहिल्यांत गणक १,२८०, तर दुसऱ्यांत १,१५२ होते. 'आरटीएक्स ३०५०' हें कार्ड २०२२ सालच्या जानेवारींत आलें, तेव्हां त्यांत २,५६० गणक व ८ जीबी मेमरी होती. २०२४ सालच्या फेब्रुवारींत त्याच आंकड्याचें ६ जीबीचें कार्ड आलें. त्यांत गणक २,३०४, आणि दारही अरुंद.

या ठिकाणीं एक गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. २०२२ सालच्या सप्टेंबरांत एन्व्हिडियानें 'आरटीएक्स ४०८०' या एकाच नांवाचीं दोन कार्डें जाहीर केलीं. एकाची किंमत १,१९९ डॉलर व गणक ९,७२८. दुसऱ्याची किंमत ८९९ डॉलर व गणक ७,६८०. लगेच जगभर ओरड झाली, आणि महिनाभराच्या आंत, १४ ऑक्टोबर रोजीं, कंपनीनें दुसऱ्या कार्डावरून तें नांव काढून घेतलें. तेंच कार्ड पुढें २०२३ सालच्या जानेवारींत निराळ्या नांवानें व शंभर डॉलर कमी किमतीस विक्रीस आलें. म्हणजे श्रीमंताच्या ताटांत खडा निघाला तर आचाऱ्यास माफी मागावी लागते. गरिबाच्या ताटांत निघाला तर तो त्यानें मुकाट्यानें वेंचावा! १०३०च्या बाबतींत परीक्षकांनीं कडक शब्दांत लिहिलें खरें, परंतु तें नांव कोणी मागें घेतलें नाहीं. जो ग्राहक नऊशें डॉलर देतो तो दहा परीक्षणें वाचून दुकानांत जातो. जो पांच-सात हजार रुपयांचें कार्ड मागतो तो बहुधा पहिल्यानेंच खरेदी करीत असतो, आणि त्याचा भरंवसा नांवावर असतो. म्हणून सावधगिरीचें शिक्षण खरोखर स्वस्त वस्तु घेणाऱ्यासच अधिक अवश्य आहे.

न्यायाची बाजू सांगावयाची तर हेंही सांगितलें पाहिजे कीं, नांव तेंच राहून माल सुधारल्याचीं उदाहरणेंही आहेत. 'जीटीएक्स १६५०' हें कार्ड २०१९ सालच्या एप्रिलांत १४९ डॉलरांस निघालें. ८९६ गणक, ४ जीबी मेमरी, आणि विजेचा खर्च ७५ वॅट. त्याची वाहतूक दर सेकंदास १२८ जीबी होती. दुसऱ्या वर्षीं त्याच नांवाचें कार्ड जीडीडीआर-६ मेमरी घालून आलें व वाहतूक १९२ जीबी झाली. ज्यानें खोक्याच्या मागील बाजू वाचल्या त्यास जवळजवळ त्याच पैशांत अधिक चांगली वस्तु मिळाली. याच कार्डानें २०२२ सालच्या अखेरीस स्टीम या खेळविक्रीच्या जागतिक संस्थेच्या गणतींत पहिलें स्थान पटकाविलें होतें; म्हणजे जगांतील खेळगड्यांचा मोठा समुदाय उंची कार्डांवर नव्हे, तर अशाच साध्या कार्डांवर खेळत आला आहे. आपल्या घरांतील मुलानें साधें कार्ड घेतलें तर त्यास कमीपणा वाटण्याचें कांहीं कारण नाहीं.

आतां आमच्या आवडीचा भाग, म्हणजे त्रैराशिक. कार्डाच्या माहितीपत्रकांत दोन आंकडे असतात: मेमरी बस किती बिटांची, आणि मेमरीचा वेग किती गिगाबिट. बसच्या आंकड्यास आठांनीं भागावें व आलेल्या उत्तरास वेगानें गुणावें, म्हणजे दर सेकंदास किती जीबी वाहतूक होते तें कळतें. आमच्या धाकट्या बंधूंचा नातू एके दिवशीं दोन ३०५० कार्डांची माहिती घेऊन आमच्यापाशीं आला. "आजोबा, दोन्ही ३०५०च आहेत, मग स्वस्त तें घेऊं ना?" असें त्यानें विचारलें. "अरे, आधीं गणित तर कर," असें सांगून आम्हीं त्याच्या हातीं पेन्सिल दिली. ८ जीबीच्या कार्डाची बस १२८ बिटांची व वेग १४. म्हणून १६ गुणिले १४, म्हणजे २२४. ६ जीबीच्या कार्डाची बस ९६ बिटांची, वेग तोच. म्हणून १२ गुणिले १४, म्हणजे १६८. "आजोबा, हें तर पाऊण ३०५० झालें!" असें तो म्हणाला. मुलास वस्तु नाकारण्यापेक्षां किंवा डोळे मिटून देण्यापेक्षां त्याच्याकडून एवढा हिशेब करवून घेणें आम्हांस अधिक हितावह वाटतें. त्या पाऊण कार्डाचाही एक गुण मात्र आहे: त्यास ७० वॅट वीज पुरते व निराळी वायर लागत नाहीं, म्हणून कचेरींतील जुन्या, लहान पॉवर सप्लायच्या कॉम्प्युटरांत तें बसूं शकतें, आणि ८ जीबीच्या कार्डास मात्र १३० वॅट लागतात. ज्याची गरज तीच असेल त्यानें तें जाणून-बुजून घ्यावें, नांवाला भुलून घेऊं नये.

या त्रैराशिकास एक मर्यादा आहे. त्यानें एकाच पिढींतील कार्डांची तुलना करावी. नव्या पिढींतील कांहीं कार्डांत पंगतीच्या शेजारींच एक मोठें फडताळ असतें, त्यास कॅश म्हणतात; नेहमीं लागणारें सामान तेथेंच मिळाल्यानें कोठीकडे खेपा कमी पडतात. २०२३ सालच्या 'आरटीएक्स ४०६०' ची वाहतूक २७२ जीबी, तर त्याच्या आधींच्या ३०६०ची ३६० जीबी. तरीही बहुतेक खेळांत नवें कार्डच पुढें राहतें. अर्थात् जेथें खेळास ८ जीबींहून अधिक मेमरी लागते तेथें जुन्या ३०६०ची १२ जीबीची कोठी उपयोगीं पडते. गणित हें डोळे उघडण्यासाठीं आहे. अंतिम निर्णय शेजारीं शेजारीं ठेवून केलेल्या परीक्षणावरूनच करावा.

येथपर्यंत वस्तूची परीक्षा झाली. आतां गरजेची. मुलगा कोणता खेळ खेळणार आहे, हें विचारल्यावांचून कार्ड निवडणें म्हणजे पानें किती तें न विचारतां तांदूळ भिजत घालणें होय. 'व्हॅलोरंट' हा २०२० सालीं निघालेला खेळ पुष्कळ तरुण खेळतात. त्याच्या कर्त्यांनीं स्वतःच सांगितलें कीं, सेकंदास साठ फ्रेम मिळण्यास 'जीटी ७३०' एवढें जुनें व क्षुद्र कार्डही चालेल, आणि १४४ फ्रेम मिळण्यास 'जीटीएक्स १०५० टीआय' पुरे. अशा खेळासाठीं कोणी तीस हजारांचें कार्ड मागूं लागला तर तो खेळासाठीं मागत नसून मित्रांना दाखविण्यासाठीं मागत आहे, असें समजावें. उलट पक्षीं 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा २०२४ सालच्या डिसेंबरांतील खेळ, किंवा 'डूम : द डार्क एजेस' हा २०२५ सालच्या मे महिन्यांतील खेळ घ्या. प्रकाशकिरणांचें गणित करणारी खास रचना, जिला रे ट्रेसिंग म्हणतात, ती कार्डांत असल्यावांचून हे खेळ चालावयाचेच नाहींत असें त्यांच्या कर्त्यांनीं ठरविलें. जीटीएक्स १६५० मध्यें ती नाहीं. म्हणून तें कार्ड कितीही चांगलें असलें तरी या दोन खेळांचें दार त्यास बंद आहे.

पडद्याचाही विचार करावा. २५६० बाय १४४० ठिपक्यांच्या पडद्यावर आपल्या नेहमींच्या पडद्याच्या पावणेदोन पटींहून थोडें अधिक काम पडतें, आणि ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर बरोबर चौपट. घरांत साधें कार्ड आणावयाचें असेल तर पडदाही साधाच असावा. ठिपके कमी काढून चित्र मोठें करून दाखविण्याच्या युक्त्या हल्लीं निघाल्या आहेत. एएमडीची 'एफएसआर' नांवाची युक्ति २०२१ सालीं आली, व ती जुन्या आणि प्रतिस्पर्धी कंपनीच्या कार्डांवरही चालूं लागली. दुबळ्या कार्डास ही काठी चांगली. परंतु दोन खऱ्या फ्रेमांच्या मधें एक कल्पित फ्रेम घालून आंकडा फुगविण्याचीही युक्ति आहे. तीमुळें चित्र गुळगुळीत दिसतें, पण खेळाडूनें बटण दाबल्यावर खेळानें उत्तर देण्याची त्वरा वाढत नाहीं. जाहिरातींतील मोठा आंकडा कोणत्या प्रकारचा आहे, हें विचारून घ्यावें.

आंकड्यांची गोष्ट निघाली म्हणून सरासरीविषयीं दोन शब्द. "या कार्डावर सरासरी साठ फ्रेम मिळतात" असें विक्रेता सांगतो. आतां एका सेकंदाचे हजार भाग कल्पावे. साठांपैकीं ५९ फ्रेम प्रत्येकीं १५ भागांत काढल्या, तर ८८५ भाग गेले; उरलेले ११५ भाग शेवटच्या एका फ्रेमला लागले. सरासरी साठच आली, परंतु तेवढ्या एका फ्रेमच्या वेळीं चित्र थबकलें, आणि नेमका त्याच वेळीं शत्रु समोर उभा असेल तर डाव गेला. वर्गांतील सरासरी गुण चांगले असले म्हणून कोणी नापास झालाच नाहीं असें ठरत नाहीं, हें आम्हां पंतोजींस पुरतें ठाऊक आहे. म्हणून चांगले परीक्षक सरासरीबरोबर सर्वांत मंद अशा शेंकडा एक फ्रेमांचा आंकडाही देतात. कमी किमतीच्या कार्डांत हाच आंकडा अधिक बोलका असतो. कारण लहान कोठी भरली कीं खेळ अडखळूं लागतो, तें सरासरींत झांकलें जातें, येथें उघडें पडतें.

कोठी भरल्यावर काय होतें, याचें उत्तम उदाहरण एएमडीचें 'आरएक्स ६५०० एक्सटी' हें २०२२ सालच्या जानेवारींत १९९ डॉलरांस निघालेलें कार्ड होय. त्याची मेमरी ४ जीबी. ती भरली कीं सामान कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरींतून आणावें लागतें, आणि तें ज्या मार्गानें येतें त्याचें नांव पीसीआय एक्सप्रेस. (या मार्गाच्या रचनेंत ज्यांचा मोठा वाटा आहे ते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी, हें बडोद्याशीं जुना संबंध असलेल्या मराठी कुटुंबांस वाचून आनंद वाटेल.) सामान्य कार्डास या मार्गाच्या आठ किंवा सोळा पट्ट्या असतात; या कार्डास अवघ्या चार दिल्या. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर त्या चार पट्ट्यांतून दर सेकंदास सुमारें ८ जीबी जातात, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर सुमारें ४च. म्हणजे ज्याच्या घरीं जुना कॉम्प्युटर होता, त्यासच हें स्वस्त कार्ड अधिक अडलें. आणि स्वस्त कार्ड घेणार कोण, तर बहुधा तोच! असाच अनुभव इंटेलच्या 'आर्क बी५८०' विषयीं आला. २०२४ सालच्या डिसेंबरांत २४९ डॉलरांस १२ जीबी मेमरी देणारें हें कार्ड पुष्कळांनीं वाखाणलें. परंतु कांहीं वर्षें जुना प्रोसेसर जोडीस दिला असतां तें बरेंच मागें पडतें, असें २०२५ सालच्या आरंभीं परीक्षकांनीं दाखवून दिलें. वधूवरांचीं टिपणें जुळवितांना आपण दोन्ही पत्रिका मागतों. येथें एकच पाहून कसें भागेल?

जुन्या मालाच्या खरेदीविषयींही लोक विचारतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजीं इथिरियम या चलनाची रीत बदलली व तें ग्राफिक्स कार्डांवर काढण्याचा धंदा बंद पडला. तेव्हांपासून रात्रंदिवस राबविलेलीं कार्डें जुन्या बाजारांत पुष्कळ आलीं. राबलेलें कार्ड वाईटच असतें असें नाहीं, परंतु त्याचे पंखे व तापमान पाहिल्याशिवाय पैसे देऊं नयेत. त्याहून मोठें भय बनावट कार्डांचें. जुन्या कार्डांतील माहिती बदलून तीं नव्या नांवानें विकण्याचा उद्योग इतका वाढला कीं, 'जीपीयू-झेड' या मोफत प्रोग्रॅमच्या कर्त्यांस २०१८ सालीं बनावट कार्डें ओळखण्याची सोय त्यांत करावी लागली. हा प्रोग्रॅम विक्रेत्यासमोरच चालवून पहावा. गणक, बस व मेमरीची जात हीं तिन्ही तो एका पडद्यावर दाखवितो. शिवाय वयही पहावें. जीटी १०३०, जीटीएक्स १०६० आदिकरून पिढीस नव्या खेळांसाठीं सुधारलेले ड्रायव्हर देणें एन्व्हिडियानें २०२५ सालच्या ऑक्टोबरनंतर थांबविलें; पुढें केवळ सुरक्षिततेपुरतीच डागडुजी राहिली. फुकट मिळालें तर असें कार्ड घ्यावें, पैसे मोजून घेतांना मात्र विचार करावा.

असो. एकत्र कुटुंबांत अशा खरेदीचा निर्णय बहुधा दोन टोकांनीं होतो. एक तर आजोबा "खेळणीं कसलीं आणतां!" म्हणून विषय मिटवितात, नाहीं तर काका शहरांतून येतांना मुलाच्या तोंडचें नांव ऐकून तेवढ्या नांवाचें खोकें घेऊन येतात. पहिल्यांत मुलाचा हिरमोड होतो, दुसऱ्यांत घराचा पैसा जातो, आणि दोहोंतही मूल शिकत कांहींच नाहीं. आमची सूचना अशी कीं, कार्ड मागणाऱ्या मुलानेंच एका कागदावर सात गोष्टी लिहून आणाव्या: कोणते खेळ खेळणार, पडदा किती ठिपक्यांचा, घरांतील प्रोसेसर, मदरबोर्ड व पॉवर सप्लाय कोणता, कार्डावर गणक किती, मेमरी किती व कोणत्या जातीची, बस व वेग यांचा गुणाकार किती, आणि मंद फ्रेमांचा आंकडा काय. तो कागद घरांत पैसे देणाऱ्यानें वाचावा व न समजेल तें मुलाकडून समजावून घ्यावें. घरांत मुलीस हा नाद असेल तर तिनेंही तसाच कागद आणावा. तिला निराळा नियम नको.

मग दुकानांत जावें, आणि तेथें "अमुक नांवाचें कार्ड द्या" असें न म्हणतां "अमुक बसचें, अमुक मेमरीचें, अमुक गणकांचें कार्ड दाखवा" असें म्हणावें. खोकें हातीं येतांच तें उलटें करून मागची बाजू वाचावी, आणि बिलावर नांवाबरोबर मेमरीचा आंकडा व जातही लिहून घ्यावी. दुकानदार प्रामाणिक असेल तर त्यास या मागणीचा राग येणार नाहीं. आणि त्यास राग आलाच, तर शेजारीं दुसरें दुकान असतें.